डेल्बर्टने विकत घेतलेला वारा

शेवटच्या दिवशी, रविवारी सकाळी डेल्बर्ट फोन करायला लाल टेकडीवर चढला. त्याच्या त्या राजेशाही जमिनीवर फोन लागायचा तो फक्त तिथेच, आणि तिथेही एका अंगाला वाकून उभं राहिलं तर. थोरली बहीण आयोना विन्सलो गावात तिच्या चाकांवरच्या ट्रेलर-घराच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसली होती.

"आयोना, आज येतेस ना?"

"काय बघायला येऊ? दगड? दगड माझ्या दारातही आहेत. फुकटचे आहेत."

"अगं, वादळ येतंय. डोंगरावर ढग बसलेत. वादळ यायच्या आधी केबिनमधलं ते जमिनीचं भोक काय जोरात फुंकतं! आज तुला दिसणारच."

"वादळ येतंय म्हणून मी गाडी बाहेर काढू? घर विकलंस तेव्हा अक्कलही त्यातच गेली का रे?"

तो हसला. तिच्या शिव्यांना तो नेहमीच हसायचा, म्हणून तर त्या वाया जायच्या. "बीन्स शिजायला टाकल्यात, डुकराचं हाड घालून. मक्याचा पाव करतो. तू फक्त ये गं. एकदा बघ आणि मग काय बोलायचंय ते बोल."

"येते. एकदाच येते. आणि गार लागलं तर आल्या पावली परत फिरेन, सांगून ठेवते."

जमीन घेऊन त्याला दुसरा हिवाळा लागला होता आणि आयोनाने तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. ठेवणार नाही असं तिने चारचौघांत सांगितलं होतं. हॉटेलात, चर्चमध्ये, पेट्रोल पंपावर, जो विचारेल त्याला. "माझा भाऊ ना? त्याने वारा विकत घेतलाय," असं सांगायची.

खोटं नव्हतं ते. जन्मभर डेल्बर्टने रेल्वेच्या यार्डात डबे जोडले. लग्न केलं नाही, दारू फारशी घेतली नाही, भांडला नाही. गावात त्याचं घर होतं, दोनच खोल्या, पण नळाला पाणी, गॅसचा हीटर, समोर दिव्याचा खांब. माणसाला आणखी काय लागतं? निवृत्त झाला आणि ते सगळं विकून त्याने चाळीस एकर काळा दगड घेतला. एकेकाळी ज्वालामुखीतून वाहत आलेला आणि तसाच गोठून राहिलेला दगड. चालताना बूट फाटतात. गवताचं एक पातं उगवायचं तर आधी वर्षभर विचार करतं. पाणी गावातून टाकीत भरून न्यायचं, आणि उन्हाळ्यात पायरीखाली खुळखुळ्या साप सावलीला बसलेला. शेजारी म्हणावा असा एकच, मर्ल नावाचा म्हातारा, तोही कितीतरी मैल लांब, चार गाईंचा मालक आणि त्यातली एक आंधळी.

आणि त्या दगडावर एक केबिन. रेल्वेच्या रुळांखालच्या टाकाऊ लाकडी स्लीपरांची. आयुष्यभर ज्या लाकडावरून चालला, म्हातारपणी त्याच्यातच जाऊन राहिला.

त्याला ती जमीन विकली रँडल नावाच्या दलालाने. रँडलच्या बुटांना कधी धूळ लागत नाही. गाडीतून उतरायच्या आधी तो फडक्याने पुसतो आणि चढायच्या आधी परत पुसतो. भर उन्हाळ्यात, दुपारचे ढग भरून आले होते तेव्हा त्याने डेल्बर्टला केबिनमध्ये नेलं. मधोमध जमिनीला भोक होतं, खालच्या दगडातली भेग. त्यावर लोखंडी पिंपाचं झाकण, झाकणावर काळा धोंडा. रँडलने धोंडा सरकवला, झाकण उचललं, आणि आपली टोपी भोकावर धरून सोडली. टोपी उडून छताला लागली. खालून असा गार वारा आला म्हणे, तळघराचं दार उघडल्यासारखा.

"जमीन श्वास घेते, साहेब," रँडल म्हणाला. "हे तुम्हाला फिनिक्स शहरातल्या करोडपतीकडेही मिळणार नाही."

बस्स. डेल्बर्ट पाघळला. यार्डात चाळीस उन्हाळे भाजून निघालेला माणूस, त्याला कुणीतरी फुंकर घातली आणि तो विकला गेला. आयोना आजही म्हणते, दुसऱ्या कुणी फुंकर घालणारं त्याला भेटलं असतं तर बरं झालं असतं.

जे सांगायला हवं होतं ते रँडलने सांगितलं नाही. ते मर्लने सांगितलं, नंतर, टाकीतून पाणी उतरवताना. "वादळ यायचं असलं की ते बाहेर फुंकतं. थंडी पडून आभाळ लख्ख झालं की आत ओढतं. शेगडी पेटलेली असताना झाकण उघडू नकोस. धूर धुराड्यातून वर जायचा सोडून घरात येईल. तो दिसला नाही तरी त्यातला विषारी वायू बसल्या जागी माणूस मारतो." डेल्बर्टने ऐकलं. ऐकण्यात तो हुशार होता. थंडीत त्याने धोंडा कधी हलवला नाही.

त्या रविवारी हलवला. बहीण येणार होती ना.

आयोना निघाली तेव्हा वादळ उत्तरेला वळून गेलं होतं. आभाळ घासूनपुसून ठेवल्यासारखं निळं. शेजारच्या सीटवर ॲपल पाय ठेवला होता, सफरचंद भरून भाजलेला, फडक्यात गुंडाळून. लाल खडीच्या रस्त्यावर गाडी खडखडायला लागली तशी तिने तो ॲपल पाय एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने गाडी चालवत डेल्बर्टला, रँडलला आणि ज्याने कुणी हा देश असा भाजून ठेवला त्याला, तिघांनाही लाखोली वाहिली. केबिनच्या धुराड्यातून धूर दिसेना. "बघा," ती म्हणाली, "शेगडीही पेटवली नाही. गारठवणार मला."

दार उघडेना. खालच्या फटीत आतून टॉवेल कोंबला होता. तिने खांदा लावून ढकललं. दोन्ही खिडक्यांच्या फटींतही टॉवेल, बनियन, एक जुनी पँट, जे सापडलं ते कोंबलेलं. तिला गार लागू नये म्हणून. शेगडी बीन्स गरम राहतील इतकीच, अगदी मंद ठेवलेली. टेबलावर दोन ताटल्या. आणि डेल्बर्ट खुर्चीत मागे मान टाकून बसलेला, नवा शर्ट घालून, गाल कसे लालबुंद, तरतरीत. इतका चांगला तो कित्येक वर्षांत दिसला नव्हता.

"वा! पाहुणी दारात आणि साहेब झोपलेत," आयोना म्हणाली. "ऊठ. डेल. ॲपल पाय आणलाय. ऊठ रे."

तिने खांद्याला धरून हलवलं तेव्हा कळलं.

भोकाच्या कडेला त्याने नवा खिळा ठोकला होता आणि त्याला लाल रिबन बांधली होती. नाताळात तिने त्याला केक पाठवला होता त्या डब्याची रिबन. वारा वर आला की ती उभी राहील आणि आयोनाला दिसेल, असा त्याचा बेत. रिबन सरळ खाली ताणलेली होती, आतून कुणी ओढत असल्यासारखी.

डॉक्टर म्हणाले, कोंडलेल्या वायूने गेलेल्या माणसाचे गाल असेच लाल होतात. अंत्यविधीला गाव आलं, बटाट्याची ताटं घेऊन आलं. "ज्या जागेवर त्याचा जीव होता तिथेच गेला," असं तीनचार बायका आयोनाच्या कानात बोलल्या. चौथीला ती म्हणाली, "जीव होता तो तिथेच ठेवून आला, हो. तुम्ही कोबीचं सॅलड घ्या." रँडलही आला, पुसलेल्या बुटांनी. कबरस्तानातच म्हणाला, फिनिक्सचं एक जोडपं आहे, त्यांना अशीच जागा हवी आहे.

पुढच्या आठवड्यात आयोना सामान आवरायला गेली तर ते जोडपं दारात हजर. बाईच्या डोळ्यांवर मोठा गॉगल.

"इथे म्हणे जमीन श्वास घेते?" बाईने विचारलं.

"घेते ना," आयोना म्हणाली. "माझ्या भावाचाही घेतला."

नवऱ्याने रँडलकडे पाहिलं. रँडल म्हणाला, "आयोना बाई जरा दुःखात आहेत."

"मी दुःखात नाही, मी दारात आहे. आणि दारातून मी हलणार नाही. रँडल, यांना सांग, थंडीत शेगडी पेटवायची आणि झाकण उघडायचं. मग काय होतं ते. सांग की. त्याला सांगितलं नाहीस, यांना तरी सांग."

रँडलने फडकं काढून बूट पुसले आणि गाडी वळवली. बाई गॉगल काढून मागे वळून बघत राहिली.

आयोना आत आली. शेगडी विझून थंडगार. टॉवेल तिने एकेक करून काढले आणि घड्या घातल्या. बाहेर डोंगरावर ढग बसायला लागले होते, पश्चिमेकडून, काळे. निघायला हवं होतं. भोक अजून उघडंच होतं. पोलिसांनी, डॉक्टरांनी, कुणीच झाकण लावलं नव्हतं. ती झाकण उचलायला वाकली तेवढ्यात रिबन हलली. आधी कडेला लोळली. मग उभी राहिली. सरळ, ताठ, टोक तिच्या गुडघ्यापर्यंत, आणि खालून गार हवा आली, ओल्या दगडाचा वास असलेली, तिच्या घोट्यांवरून, झग्याच्या आत.

ती कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"दिसलं रे," ती म्हणाली. "दिसलं. भोक आहे."

मग तिने झाकण ठेवलं, पायाने दाबलं आणि धोंडा ढकलत आणून वर बसवला. रिबनचं टोक झाकणाखालून बाहेर राहिलं होतं. ते तिने आत कोंबलं नाही.