धरून बसायला माणूस

गंगापूरला, माझ्या सासरवाडीच्या दारातून मी ठरवलेला टेम्पो परत गेला, तो माझ्या मर्जीनं नाही. हे मी अजून कुणाला विसरू देत नाही.

सासूबाईंचे गुडघे गेले होते. त्यांच्याच्यानं दळण होईना, म्हणून त्यांनी घरघंटी माझ्या बायकोला द्यायची ठरवली. घरघंटी म्हणजे कमरेएवढं कपाट, आत मोटर आणि दगड. दोन माणसांना उचलताना दम लागतो. मी बाजारातून छोटा टेम्पो आणला. भाडं तर पाडलंच, पण ताडपत्री आणि दोर त्याचा, बांधायचं कामही त्याचं, हेही कबूल करून घेतलं. सायकलला स्टीलची भांडी बांधून मी संभाजीनगरच्या गल्ल्या फिरलोय, मग हातगाडी केली, मग दुकान टाकलं. माल कसा बांधायचा हे मला कुणी शिकवलं नाही. रस्त्यावर सांडलेल्या भांड्यांनी शिकवलं.

टेम्पो बघून मेहुण्याचं तोंड उतरलं. त्यानं नुकतीच नवी गाडी घेतली होती.

"दाजी, माझी गाडी दारात आणि तुम्ही भाड्याचा टेम्पो आणला? गल्ली काय म्हणंल?"

"गल्ली दळण दळून देणार आहे का?"

"आई, सांग बरं यांना. बहिणीला सोडायला भावाची गाडी चालत नाय व्हय?"

सासूबाई मला म्हणाल्या, "पाव्हणं, पोराचा मान ठेवा."

बायकोनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मला कळते. तिच्या माहेरच्या अंगणात माझा आवाज चढू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं. टेम्पोवाला हसत म्हणाला, "शेठ, घासाघीस करायच्या आधी घरात तरी विचारायचं." मी त्याला हात जोडले.

गाडीच्या मागच्या सीटचा अर्धा भाग पाडून आम्ही घरघंटी आडवी आत सरकवली. सरकवली कसली, ती आपोआपच गेली, कारण सीटांवरचं कंपनीचं प्लास्टिक मेहुण्यानं अजून काढलेलं नव्हतं. साबणावरून जावी तशी घरघंटी आत गेली. जे इतकं सहज आत जातं ते तितकंच सहज पुढं येतं. मी म्हणालो, प्लास्टिक काढ, खाली गोधडी टाकू. डिकीत सामान बांधायला लोखंडी कड्या असतात, त्या त्याला दाखवल्या. दोर दोन्ही बाजूंनी फुलीसारखा आवळू आणि पुढं पोतं ठासू, म्हणजे हलायला जागाच राहणार नाही.

"दोरानं प्लास्टिक फाटंल, दाजी. सीटवर वळ पडतील. अन् आपण काय दिल्लीला चाललोय का? ताई बसती ना धरून."

आमच्याकडं ही जुनी रीत आहे. गॅसची टाकी असो, टीव्ही असो, देवघर असो, बांधायचं नाही, कुणीतरी धरून बसायचं. आणि ते कुणीतरी म्हणजे नेहमी घरातली बाई. दोराला गाठ मारायचे कष्ट वाचतात.

मी ओरडलो. चांगला ओरडलो, शेजारची माणसं बाहेर आली इतका. त्याचा परिणाम एवढाच झाला की बायको खाली मान घालून मागं जाऊन बसली आणि घरघंटीवर उजवा हात टाकून म्हणाली, "चला आता. मी धरते."

वाळूजच्या अलीकडं उसाची ट्रॉली न बघता आडवी वळली. मेहुण्यानं ब्रेक मारला. गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. मला वाटलं, वाचलो. मागून आवाज आला तो घरघंटी माझ्या सीटच्या पाठीवर आदळल्याचा. बायको ओरडलीसुद्धा नाही. मी वळून पाहिलं तर तिचा हात मधे होता आणि ती दुसऱ्या हातानं ती घरघंटी मागं लोटायला बघत होती.

मी दार उघडून मागं धावलो. मेहुणाही उतरला, पण आधी पुढं गेला, बंपर बघायला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

हाडाच्या डॉक्टरांनी हात जोडला, सळ्या घातल्या, मग काढल्या. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं वाकेनात. बायको ब्लाउज शिवायची. मी सायकलवर फिरायचो तेव्हा घरातली चूल तिच्या मशीनवर पेटायची. तिचं कटिंग असं की बायका सिडकोहून आमच्या गल्लीत यायच्या. ती रोज सकाळी गरम पाण्यात हात बुडवून बोटं वाकवायची, मग कात्री उचलून बघायची. मी दुकानात जायच्या आधी ते बघायचो आणि दुकानात जाऊन गिऱ्हाइकांवर भडकायचो.

गंगापुरात मेहुणा सांगत फिरला, ताईनं हात मधे घातला. मला तीन जणांनी येऊन तसं सांगितलं. मी फोन करून त्याची आई-बहीण काढणार होतो, पण त्याची बहीण म्हणजे माझीच बायको, आणि ती समोर बसलेली. "त्याला काही बोलू नका," म्हणाली. "मुद्दाम केलं का त्यानं?"

डॉक्टरांनी हात आता याहून सुधारणार नाही, असं सांगितलं त्याच आठवड्यात तो आला. केळी घेऊन आला. बसला, पाणी प्यायला, हाताकडं बघून म्हणाला, "ताई, सोडायचं ना गं तिला. कशाला धरून बसलीस?"

मी उठलोच होतो. पण बायको बोलली, तेही अगदी हळू.

"तू धर म्हणालास."

मी वाट पाहिली. सौद्यात समोरचा गप्प झाला की मला कळतं तो पुढं येणार आहे की उठणार आहे. तो उठला. "येतो," म्हणाला. बायको म्हणाली, "सावकाश जा."

संध्याकाळी तिनं शिवायला आलेली कापडं कपाटातून काढली, प्रत्येकावर मापाची चिठ्ठी टाचलेली, आणि माझ्यापुढं ठेवली. "ज्यांची त्यांना देऊन या. मला नाही जाववत."

मी दारोदार फिरलो. सगळ्यांनी हळहळ केली. एकीनं पिशवी उघडून बघितली आणि म्हणाली, "अहो, पण लग्न आलंय आमच्याकडं. आता कोण शिवून देणार?"

"मला काय विचारता?" मी म्हणालो. आवाज चढला होता. तिनं पिशवी घेतली आणि दार लावून घेतलं.