आठ सतराची गाडी

आप्पांचा फोन नंबराशिवाय संपत नसे. "सर, पाण्याचा टँकर अकराला येतोय. माझा नंबर सेहेचाळीस. तुमचा द्या." मनात येईल तो दोन आकडी नंबर मी सांगायचा. दोन्ही नंबर वेळेसकट ते डायरीत लिहीत. आप्पा खानदेशातल्या, येण्याजाण्याला एकच रूळ असलेल्या सिंगल लाइनीवर स्टेशनमास्तर होते. पुढच्या स्टेशनाने फोनवर असा नंबर दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, ही तिथली रीत. एकदा परवानगीशिवाय गाडी सोडल्याचा त्यांच्यावर आळ आला, तेव्हा डायरीतल्या नंबरानेच ते सुटले होते.

निवृत्तीनंतर सुरतेजवळ उधन्याला आमच्या खालच्या मजल्यावर आले. सोसायटीतली गुजराती मंडळी त्यांच्या नंबरांना हसत. मी गणित शिकवतो. मला संशय येई. एवढी काळजी घेणारा माणूस काहीतरी लपवतोय, असं वाटे.

जुन्या बाजारात मिळालेल्या एका पुस्तकावरून ते इंग्लंडातल्या, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या नऊ मैलांच्या लाइनीचा इतिहास मराठीत लिहीत होते. तिथे दोन गाड्या समोरासमोर धडकल्या होत्या. तारेने परवानगी मिळाली होती, असं तारबाबू शेवटपर्यंत म्हणत राहिला. नोंद नव्हती, नोकरी गेली.

"बिचाऱ्याकडे नंबर नव्हता, सर. मी सोडवतो त्याला."

त्यांचा हिशेब सरळ होता. विचारणा आठ दहाला, उत्तर यायला किमान चार मिनिटं, गाडी सुटली आठ सतराला. म्हणजे बाबू खरा. मला तो हिशेब जरा जास्तच सरळ वाटला.

एका रविवारी वही चाळताना दिसलं, गाडी सुटल्याची वेळ ब्लेडने खरवडून पुन्हा लिहिली होती. सापडले, म्हटलं. मूळ पुस्तक मागितलं. त्यांनी भिंगासकट पुढे केलं. छपाई पुसट, इंग्रजी एक आणि सात सारखेच. भिंगाखाली स्पष्ट दिसलं: आठ अकरा. वहीतही आता तेच होतं. खाडाखोड बाबूच्या विरुद्ध केलेली होती.

कधी कळलं, विचारलं. दिवाळीत, म्हणाले. म्हणजे चार महिने ते एकटेच ही गोष्ट घेऊन बसले होते.

"एका मिनिटात उत्तर येत नाही, सर. खोटं बोलला तो." मग बशीत चहा ओतत म्हणाले, "तुम्ही आधी खाडाखोडच बघणार, ते ठाऊक होतं."

पुढच्याच महिन्यात ऑपरेशनला जाताना त्यांचा फोन आला. "शेवटचं पान तुम्ही लिहा. बाबू दोषी. माझा नंबर एकोणीस."

मी त्र्याहत्तर दिला.

ते परत आले नाहीत. त्यांच्या मुलीने वही आणि डायरी माझ्याकडे आणून दिली. मी डायरीतलं शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. एकोणीस, त्र्याहत्तर, पुढे वेळ. ती माझ्या मोबाइलमधल्या त्यांच्या त्या फोनच्या वेळेशी ताडून पाहिली. जुळली. मग वहीचं शेवटचं पान लिहायला घेतलं.