बाईंच्या डिस्कमधली गाणी

"दुकानदार म्हणतो, रिकामी आहे. फॉरमॅट करून वापरा."

सुनंदा जाधव बाईंनी हार्डडिस्क माझ्या टेबलावर ठेवली. बाई अलोऱ्याच्या, निवृत्त शिक्षिका. वीसेक वर्षांपूर्वी त्या गावोगाव जाऊन म्हाताऱ्या बायकांची जात्यावरची गाणी रेकॉर्ड करायच्या. मी तेव्हा रत्नागिरीतल्या एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळत होतो. त्यांच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स मीच घातलं होतं, मोठ्या हौसेने. सगळं जग आता लिनक्सवर येणार, असं आम्हाला तेव्हा मनापासून वाटायचं.

"फॉरमॅट केली नाहीत ना?"

"छे! आईचा आवाज आहे त्यात, सर. दुसरीकडे कुठे नाही."

विंडोजला लिनक्सची डिस्क वाचता येत नाही. तेवढंच असेल, असं धरून मी जुना लॅपटॉप काढला. काळा स्क्रीन, पांढरी अक्षरं. लॅबमधल्या दुपारी आठवल्या.

लिनक्समध्ये डिस्क नुसती जोडून भागत नाही. ती एखाद्या फोल्डरवर बसवावी लागते, मगच आतल्या फाइली दिसतात. याला माउंट करणं म्हणतात. मी कमांडमध्ये ro घातलं. म्हणजे फक्त वाच, काही लिहू नकोस.

उत्तर आलं: बॅड सुपरब्लॉक.

"काय म्हणतंय?" बाईंनी विचारलं.

"डिस्कची अनुक्रमणिका खराब झालीय."

मी घाबरलो. लिनक्सचा आग्रह माझाच होता.

आधी डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढली. मूळ डिस्क बाजूला ठेवली. तोवर दोनदा चहा झाला. लिनक्स सुपरब्लॉकच्या जादा प्रती ठरावीक जागी ठेवतं, त्यातली एक वापरायची ठरवली. पहिल्यांदा चुकलो. जागेचा आकडा चौपट करून द्यायचा असतो, हे विसरलो होतो. पुन्हा टाइप केलं:

mount -o ro,loop,sb=131072 disk.img /mnt

स्क्रीनवर काहीच आलं नाही.

"काही झालं नाही हो," बाई हळूच म्हणाल्या.

"झालं. हे चुकलं तरच बोलतं."

आत एकसष्ट फाइली होत्या. आईची चौदावी, एवढं बाईंना आठवत होतं; त्यांनी ती लावायला सांगितली. जात्याची घरघर, दोन ओळींचं गाणं, आणि मध्येच एक खणखणीत आवाज: "बंद कर गो ता! चुलीवरचा भात करपंल माजा!"

बाई हसल्या. मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

सगळ्या फाइली तीन ठिकाणी उतरवल्या. नावांच्या जागी मात्र नुसते आकडे होते. बाईंनी आठवडाभर ऐकून बावन्न जणी ओळखल्या. उरलेल्या नऊ जणी कोण, हे सांगू शकणारं आता कोणी नाही.

घरात जुनी डिस्क असेल, तर आवाज ओळखणारी माणसं आहेत तोवर उघडा. डिस्क पुढेही एखाद्या वेळी दुरुस्त होईल.