गाळलेले ठिपके

माझ्या संशोधनाचा विषय गर्दी. म्हणजे गर्दीचं गणित. कॉम्प्युटरवर प्रत्येक माणूस हा एक ठिपका. शेजारच्याला न धडकता दाराकडे सरकायचं आणि फट दिसली की घुसायचं, एवढेच त्याचे नियम. ठिपके एकमेकांकडे बघत हलतात आणि त्यातून अख्ख्या गर्दीची चाल उमटते. निदान उमटायला हवी होती.

जिंतूरच्या बसस्टँडवर मी गर्दीचं चित्रीकरण केलं आणि तिथंच घोडं अडलं. माझे ठिपके गुणी. आधी चढेल तो आधी बसेल. इथं आधी चढणारा उभाच! खिडकीतून फेकलेले रुमाल, टोप्या, पिशव्या सीटवर त्याच्याआधी बसलेल्या. बरं, रुमाल फेकायचा नियमही घातला. तरी ताळमेळ लागेना. काही माणसं जिवाच्या आकांतानं आत घुसायची आणि गाडी सुटायच्या आत खाली उतरायची. चुकीच्या गाडीत चढली असतील, असं समजून असे ठिपके मी वैतागून गाळून टाकले.

परभणीच्या माझ्या गाइड मॅडमनी शेवटचं बजावलं होतं, या वेळी ठिपक्यांचे आणि चित्रीकरणाचे आकडे जुळले नाहीत तर विषय बदल. म्हणजे इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. त्या सकाळी मी त्यांच्याकडेच निघाले होते, आणि आकडे काही जुळले नव्हते. त्याच स्टँडवर परभणीची गाडी लागली, लोक तुटून पडले. मला संताप आला, त्या लोकांचा, त्यांच्या रुमालांचा आणि माझाही. मी हट्टानं लांब उभी राहिले.

आई सोडायला आली होती. "काय बघत बसलीस? गाडी भरायली!" म्हणत तिनं पदर खोचला आणि दुखरे गुडघे घेऊन रेटारेटीत शिरली. थोड्या वेळानं खिडकीतून ओरडली, "ये गं लवकर, जागा धरली हाय!"

मी कशीबशी आत पोचले. तिनं मला सीटवर ढकललं आणि चढणाऱ्यांना बाजूला सारत उतरायला लागली. घामाघूम, अंबाडा सुटलेला. "मला कुठं जायचंय? तू बस निवांत."

मी खिडकीबाहेर बघितलं. जागा धरून उतरलेली कितीतरी माणसं आपापल्या माणसाशी बोलत खाली उभी होती. मला रडू आलं, आणि रागही. स्वतःला कुठंच जायचं नसताना गर्दीत घुसणाऱ्या माणसाला कोणता नियम लावायचा, हे मॅडमना काय सांगणार होते मी?

गाडी हलली. आई खालून हात करत होती. त्या सकाळी चित्रीकरण चालू असतं, तर तिलाही मी गाळलंच असतं.