दोर कुणाचा होता

तीकेआनं वळलेला दोर म्हणजे काळजी मिटली, असं आबाइयांग बेटावरचे होडीवाले म्हणत. नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवायची, ठोकून काथ्या काढायचा आणि मांडीवर वळत बसायचं. खिळा न मारता अख्खी होडी त्या दोरावर उभी राही.

तिच्या भावाची, बारानिकोची होडी चुलतभाऊ रुतेरूनं तिच्याकडून दोर घेऊन बांधली. मासेमारीला गेलेला बारानिको परतलाच नाही. होडीचा आधाराचा आडवा ओंडका तेवढा सुटून किनाऱ्याला लागला. गावाच्या सभेत रुतेरू म्हणाला, "माझ्या बांधणीत खोट नव्हती. दोरच तुटला."

तीकेआला ते पटलं. भावजय किनाईनं तिच्याशी बोलणं टाकलं. तीकेआनं पुन्हा काथ्याला हात लावला नाही. अकरा वर्षं.

मग रुतेरू अंथरुणाला खिळला आणि त्यानं तिला बोलावून घेतलं.

"ताई, तुझा दोर पुरला नव्हता गं. ओंडक्याची मागची बांधणी मी जुन्या होडीच्या दोरानं उरकली."

तीकेआनं विचारलं, "आणि सभेत दोष माझ्या दोराला दिलास?"

"वादळच तसं होतं! तुझा दोर असता तरी तुटलाच असता. व्हायचं ते चुकतं का?"

"तुटला असता, नसता, मला काय ठाऊक? तुला तरी कुठे ठाऊक आहे? तुटला असता तर तो माझा दोर असता, मी निमूट भोगलं असतं. पण जे घडलंच नाही ते तू माझ्या गळ्यात बांधलंस."

"आता काय फरक पडतो?"

"फरक पडत नाही ना? मग उद्या सभेत सांग."

दुसऱ्या दिवशी त्याला चटईवरून सभेत आणलं. म्हाताऱ्यांपुढे तो पुटपुटला, "त्या दिवशी वारा फार होता." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी "देवाची मर्जी" म्हणालं.

तीकेआ उठली. बायकांनी सभेत मध्येच बोलायचं नसतं, तरी बोलली. सगळं सांगितलं.

"मरणाऱ्यावर आळ घेतेस?" एक म्हातारा डाफरला.

रुतेरूनं डोळे मिटून घेतले. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

किनाई तेवढी बाहेर तिच्या मागोमाग आली. म्हणाली, "माझा विश्वास आहे तुझ्यावर."

"अकरा वर्षांपूर्वी का नव्हता?" तीकेआ म्हणाली आणि घराकडे चालू लागली.