उदगीरकर सरांचा पहिला घोट

उदगीरकर सर चहात चांगली दोन चमचे साखर घेत, पण पहिला घोट बिनसाखरेचा. संस्थेच्या कॅन्टीनमधला यादगिरी त्यांच्यासाठी चहा वेगळा काढून ठेवी. सर घोट घेत, तोंड वाकडं करत आणि मग साखर ढवळत बसत. मी पुण्याहून हैदराबादला पीएच.डी.साठी नवीनच आले होते. शेवटी साखर घालायचीच तर हा छळ कशाला, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. "अगं, चहा काय चीज आहे ते आधी कळू दे," सर म्हणाले. "नाहीतर साखरेची तारीफ चहाच्या नावावर जाते."

सर चिक्कडपल्लीचे. पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादेत गेल्यामुळे त्यांच्या मराठीत 'खामखा' आणि 'नक्को' घरच्यासारखे नांदत. माझ्या पुणेरी भुवया वर गेल्या की ते आणखी दोन शब्द मुद्दाम पेरत.

आमचं काम कड्यांचं होतं. काही जीवाणू रंगद्रव्याच्या रेणूंच्या गोल कड्यांनी सूर्यप्रकाश झेलतात. तशी कडी आम्ही प्रयोगशाळेत बनवत होतो, माळेतल्या मण्यांसारखे रेणू जोडून. प्रश्न असा, की प्रकाश पडल्यावर ऊर्जा एका मण्यावरून दुसऱ्या मण्यावर उड्या मारत जाते, की क्वांटमच्या नियमांनी लाटेसारखी एकदम सगळ्या कड्यावर पसरते? लेसरचे झोत टाकून मी मोजमाप घेतलं, तर आलेखावर सुंदर लाटा उमटल्या; क्वांटमचा पुरावाच मिळाला, असं मला वाटलं. संचालक धावत आले. आठवड्याभरात नव्या केंद्राची घोषणा झाली, उद्घाटनाला मंत्री ठरले आणि फलकावर 'कड्यातला क्वांटम नाच' असं सरांच्या भाषणाचं नावही रंगवून झालं. सरांना विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

सरांनी मला एकच विचारलं, "सुट्टा मणी मोजलास का?"

नव्हता मोजला.

"मग मोज. बारातीत शोर कोण करतंय ते आधी बघ. खामखा नवरदेवाला नाचवू नक्को."

मोजला. सुट्ट्या मण्यातही त्याच लाटा, त्याच लयीत. ज्याला शेजारीच नाही, त्या मण्याची ऊर्जा पसरणार कुठे? ती त्या रेणूची स्वतःची थरथर होती. मी रडकुंडीला आले, कारण माझा अख्खा प्रबंध त्या लाटांवर उभा होता. सर म्हणाले, "कड्यात क्वांटम नाही, असं आपण म्हणत नाही. या लाटांनी ते सिद्ध होत नाही, एवढंच. हेच लिही. यावरही पीएच.डी. मिळते, मी बसलोय ना."

संचालकांचं म्हणणं होतं, आधी उद्घाटन होऊ द्या, मग बघू. सरांनी उद्घाटनातच दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावले आणि आपला दावा चुकला होता, असं साध्या शब्दांत सांगितलं. मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना टाळ्याच वाजवायच्या होत्या. संचालकांनी वाजवल्या नाहीत.

पुढचं आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. जागेची अडचण सांगून संचालकांनी सरांचा लेसर दुसऱ्या गटाला दिला. ज्या माणसाने त्याचा एकेक आरसा स्वतःच्या हाताने बसवला होता, त्याला पहिल्या वर्षाच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवायला धाडलं. आपलं नाव शोधनिबंधात घाला म्हणून मागे लागलेले सहकारी सर दिसले की दुसऱ्या जिन्याने जाऊ लागले. शिकलेल्या माणसांचा भित्रेपणा मी तिथे पाहिला. सर मात्र म्हणायचे, "पोरांना शिकवणं ही सजा असेल तर मी मास्तर कशाला झालो?" माझा प्रबंध त्यांनी शेवटपर्यंत नेला. पण लेसरच्या खोलीवरून जाताना त्यांची चाल मंदावे, ते मला दिसत असे.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. उद्घाटन झालं होतं, त्याच सभागृहात शोकसभा झाली. हार घातलेल्या फोटोशेजारी उभे राहून संचालक म्हणाले, "कड्यातला क्वांटम नाच जगाला दाखवणारा शास्त्रज्ञ आपण गमावला."

मी उठले. "साहेब, त्यांनी तो नाच दाखवला नाही. त्या लाटांनी तो सिद्ध होत नाही, हे दाखवलं."

"आज ती वेळ नाही," संचालक हसून म्हणाले.

पहिल्या रांगेतून काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मागे न बघता म्हणाल्या, "बोलू द्या हो तिला. ह्याच्यापायी तर त्यांचा लेसर गेला."

मी फळ्यावर दोन आलेख काढले, एक कड्याचा आणि एक सुट्ट्या मण्याचा. सगळं सांगितलं. सभा लवकरच आटोपली.

बाहेर चहा मांडला होता. मी काकूंना कप नेऊन दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि कप तसाच खाली ठेवला.

"आधीच साखर घालून ठेवली या लोकांनी," त्या म्हणाल्या.