शिंपडलेलं पाणी

आमच्या बॅप्टिस्ट चर्चमधले हे काका कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतात आणि प्रत्येक वाक्य "कळलं ना, बाळा?" असं विचारून संपवतात. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून खायची, भाकर वाटायचं काम त्यांच्याकडे आहे. ते ट्रे माझ्यापुढे धरतात आणि शेजारी बसलेल्या आईला ओलांडून पुढे जातात. जाताना तिच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवतात. मला त्या हाताचाच जास्त राग येतो.

आईचा बाप्तिस्मा ती तान्ही असताना झाला, गावाकडच्या दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये, डोक्यावर पाणी शिंपडून. आमच्याकडे कळत्या वयात, टाकीच्या पाण्यात पूर्ण बुडवून दिलेलाच बाप्तिस्मा धरतात, माझा झाला तसा. काकांच्या मते आईचा झालाच नाही, म्हणून तिला भाकर नाही. "शिंपडायला काय तुळस आहे? टाकीत उतरा ताई, दोन मिनिटांचं काम," म्हणतात आणि स्वतःच हसतात. आई म्हणते, "परत घेतला तर माझ्या आईबापांनी केलं ते खोटं ठरेल."

मागच्या आठवड्यात ते वर्तकनगरला आमच्या घरी आले. त्यांच्या मुलीला अचानक ऑपरेशनला नेलं होतं. चपला काढायचंही भान नव्हतं. "ताई, प्रार्थना करा. तुमचं देव ऐकतो."

आई लगेच गुडघ्यांवर बसली आणि प्रार्थना करू लागली. मी एरवी त्यांच्यासमोर तोंड उघडत नाही. त्या दिवशी राहवलं नाही.

"काका, हिची प्रार्थना चालते आणि बाप्तिस्मा चालत नाही?"

त्यांनी मिटलेले डोळे उघडले नाहीत. "तो नियमाचा भाग आहे, बाळा," म्हणाले, आणि घाईघाईने, "ताई, तुम्ही थांबू नका."

आई थांबलीच नव्हती.